सहाव्या महिन्याचा शेरा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, आणि सकाळी आमच्या घरात मऊ भातावरून वाद चालला होता.

"कालचा आळणी होता," आई म्हणाली. झटका आल्यापासून तिची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ती जागेवर ठेवल्यासारखा ठेवायची.

"डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, आजी."

"डॉक्टर माझा विद्यार्थी होता. गणितात कच्चा."

"मग आता मोजून किती घालू ते तुम्हीच सांगा," आईला सांभाळायला येणाऱ्या सगुणा म्हणाल्या. "पण तो ओरडला तर मी तुमचं नाव सांगणार हां."

"सांग. माझ्यासमोर तो अजून उभाच राहतो."

मी आतल्या खोलीत ऑफिससाठी तयार होत होते. आरशासमोर केस विंचरताना हे ऐकायची मला सवय झाली होती. जून महिन्यापासून दिवसाची सुरुवात अशीच व्हायची. त्या दोघींचं काहीतरी चालू असायचं, आणि मी भिंतीपलीकडून ऐकायचे.

सगुणा आमच्याकडे आजारी माणसांसाठी बायका पुरवणाऱ्या कल्याणच्या एका ब्युरोकडून येत होत्या. सकाळी आठ ते रात्री आठ. मोहन्याला राहायच्या, पहाटे पाचला उठून स्वतःच्या घरचं उरकून यायच्या. ब्युरोकडून येणाऱ्या सगळ्या बायकांना आपण मावशी म्हणतो. मीही म्हणायचे. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या, हे मला त्यांच्या ओळखपत्रावरून कळलं होतं, तरी म्हणायचे. नावाने हाक फक्त आई मारायची. "सगुणे," अशी, वर्गातल्या मुलीला मारावी तशी.

हॉस्पिटलात आईला काखेत हात घालून ओढून उठवत. आठवडाभर तिच्या दंडावर निळे डाग होते. सगुणा तसं कधीच करत नसत. त्या आईच्या समोर गुडघे वाकवून उभ्या राहायच्या, तिची पावलं आपल्या पावलांच्या मधे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला आजी, नाक माझ्या खांद्यावर." दोघी एकदम पुढे झुकायच्या आणि आई उभी असायची. बघणाऱ्याला वाटावं, यात काय विशेष. मी एकदा करून बघितलं, तेव्हा आम्ही दोघी पलंगावर कोसळलो होतो. आई हसून हसून दमली होती.

दिवसातून पंधरा-वीस वेळा हे असं करायचं. चार वर्षं, वेगवेगळ्या घरांत. दिवाळीपासून सगुणा ब्युरोच्या निळ्या कोटाच्या आतून कमरेला पट्टा बांधायला लागल्या होत्या. खाली पडलेला चमचा उचलताना एक हात आधी भिंतीवर जायचा.

त्या दिवशी मी चपला घालत होते तेव्हा त्या दारापाशी आल्या.

"ताई, आज ब्युरोच्या मॅडमचा फोन येईल तुम्हाला. सहावा महिना ना."

"हो का?"

"नवीन पोरी येतात ना ब्युरोत, त्यांना शिकवायला बाई पाहिजे त्यांना. बसून शिकवायचं. उचलाउचल नाही जास्त." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "मॅडम बोलल्या, सहाव्या महिन्याचा शेरा चांगला आला तर तुझं नाव घालते. माझी कंबर काय आता वर्षभर टिकत नाही, ताई. मग लाइनच सोडावी लागेल. बघा, जमलं तर चांगलं सांगा."

"सांगते ना," मी म्हणाले.

फोन मी जिना उतरायच्या आतच आला. मी परत वर आले आणि बाल्कनीत जाऊन घेतला, कारण जिन्यात आवाज घुमतो.

"गुड मॉर्निंग ताई, रतन बोलतेय, ब्युरोमधून," ब्युरो चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "सगुणाचं काम कसं चाललंय? पाच महिने तुमचं 'चालतंय, चालतंय' आलंय. मला तर बाई चांगली वाटते. तुमच्या तोंडून ऐकलं तर पुढचं करता येईल."

मी समोरच्या इमारतीकडे बघत होते. तिथे कुणीतरी गादी वाळत घालत होतं.

"चालतंय," मी म्हणाले. "तसं काही खास नाही. पण चालतंय."

"बदलून देऊ का दुसरी?"

"नको, नको. राहू दे हीच."

हे असं का केलं, ते सांगायला हवं. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बाईची स्तुती कुणी करत नाही. जिन्यात कुणी विचारलं, "तुमच्याकडच्या बाई कशा आहेत हो?" तर म्हणायचं, "काय सांगायचं, दुसरं कुणी मिळत नाही म्हणून ठेवलंय." चांगली आहे म्हटलं, की ती बाई महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावर दिसते. सगुणांच्या आधी कांता नावाची बाई यायची. पहिल्या मजल्यावरच्या प्रीतीचे सासरे अंथरुणाला खिळले होते, आणि मी प्रीतीजवळ कांताबद्दल चार शब्द बरे बोलले. मे संपायच्या आतच कांता त्यांच्याकडे. मी ऑफिसमधून येताना त्यांच्या दारातून तिचा आवाज ऐकू यायचा.

सगुणा आल्या तेव्हा मी शहाणी झाले होते. प्रीतीला सांगायचे, "मोबाइल सुटत नाही हो हातातून." पुण्याला विनीत, माझा धाकटा भाऊ, दर रविवारी फोनवर विचारायचा, त्यालाही तेच. त्याच्या बायकोच्या माहेरी कोलशेतला दोन म्हाताऱ्या माणसांसाठी बाई शोधत होते. खरं म्हणजे सगुणांचा मोबाइल दिवसभर चपलांच्या स्टँडवर त्यांच्या पिशवीत असायचा. पण हे खोटं इतक्या वेळा सांगून झालं होतं की ते सांगताना मला आता काही वाटायचं नाही. पानावर मीठ वाढावं तसं ते वाढून मी पुढे जायचे.

त्या संध्याकाळी सातला मी घरी आले. आईच्या केसांची दोन बोटांएवढी वेणी घातलेली होती.

"बघ," आई म्हणाली. "नव्वदची दिसत होते, आता एक्क्याऐंशीची दिसते."

"एक्क्याऐंशीच्याच आहात, आजी."

"म्हणून तर म्हटलं."

सगुणांनी माझ्यासाठी चहा टाकला होता. तो त्यांच्या कामात बसत नव्हता. मी कधी सांगितलंही नव्हतं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि मी चहा पिताना दिवसभराचं सांगायच्या. आई किती जेवली, कुठल्या बातमीवर चिडली, व्यायाम करताना डावं बोट कसं हललं. मग मीही काहीतरी सांगायचे. ऑफिसातलं. नव्या साहेबाचं. वीस मिनिटं. माझ्या दिवसात तेवढंच बोलणं असायचं जे कामाचं नव्हतं.

"आलेला का फोन?" त्यांनी विचारलं.

"आला."

"सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणाले.

त्या हसल्या, आणि लगेच वळून कप विसळायला लागल्या.

त्या गेल्यावर मी आईच्या पलंगाशी बसले. पलंग बाल्कनीच्या दाराला लागून होता. आईचे कान शेवटपर्यंत उत्तम होते.

"सकाळी ऐकलं मी," ती म्हणाली.

"काय?"

"चालतंय म्हणालीस ते."

मी तिची चादर नीट केली. ती नीटच होती.

"त्या गेल्या तर तुला कोण बघणार, आई?"

"मला," आई म्हणाली, आणि थांबून श्वास घेतला, "की तुला?"

मी उशी सारखी केली. ती म्हणाली, "तिला जाऊ दे, ऋजू." मग तिने पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं. आमचं शेवटचं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तिचा डोळा लागला होता.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी मुलुंडच्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. फोन टेबलाच्या खणात, आवाज बंद करून. बाहेर आले तेव्हा बारा वाजायला आले होते आणि सगुणांचे सात फोन येऊन गेले होते. मी लावला. पलीकडून सगुणा म्हणाल्या, "ताई, या." एवढंच.

अंघोळीनंतर आईला खुर्चीत बसवलं होतं. ती बोलता बोलता गप्प झाली. सगुणांनी तिला जमिनीवर आडवं घेतलं, ब्युरोत शिकवलं होतं तसं छाती दाबायला सुरुवात केली, पिशवीतला मोबाइल आणून एका हाताने मला फोन लावत राहिल्या, तो उचलला गेला नाही, म्हणून खालच्या दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवायला प्रीतीला हाक मारली, आणि डॉक्टर येईपर्यंत दाबत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, हॉस्पिटलमध्ये असत्या तरी फरक पडला नसता. ते आईच्या पायांशी बराच वेळ उभे होते.

विनीत संध्याकाळी आला. त्याने आईला सहा महिन्यांत एकदा पाहिलं होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. ते मला समजत होतं.

तिसऱ्या दिवशी सगुणा भेटायला आल्या. साध्या साडीत. घरात सात-आठ माणसं होती. त्या दाराजवळ खाली बसल्या. विनीतने त्यांना विचारलं, आवाज न चढवता, "आईला त्रास व्हायला लागला तेव्हा तुम्ही नक्की काय करत होतात?"

"फोन लावत होते, दादा," त्या म्हणाल्या.

"फोन," विनीत म्हणाला. "बरोबर."

"मी आले तेव्हा फोनच होता त्यांच्या हातात," प्रीती म्हणाली. तिने ते वाईट हेतूने म्हटलं असं मला वाटत नाही. "ऋजुताताई बिचाऱ्या सारखं सांगायच्या."

"मी ताईंनाच..." सगुणांनी सुरुवात केली. आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणखी दोन शब्द बोलल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं की आई जात होती तेव्हा तिच्या मुलीने सात वेळा फोन उचलला नाही. ते दोन शब्द त्यांनी गिळले.

मी उठले आणि चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले. स्वयंपाकघरात जाऊन ते एकेक करून धुतले. बाहेर आले तेव्हा सगुणा गेल्या होत्या.

तेराव्यानंतर विनीत पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "तू चल चार दिवस." मी म्हणाले, येईन. भाड्याने आणलेला पलंग दुकानवाले घेऊन गेले. फरशीवर त्याच्या चार चाकांचे डाग राहिले. पाण्याने निघाले नाहीत. सकाळी आठच्या आधी मी दाराची कडी काढून ठेवायचे, मग आठवायचं, आणि परत लावायचे. संध्याकाळी येऊन चहा टाकायचे. दोन घोटांत संपायचा. एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी ऑफिसमधून निघाल्यापासून मी एकही शब्द मोठ्याने बोललेले नाही. मग मी पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या वाक्यावर थांबले. घरात कुणी ऐकत नसलं की आपला आवाज चोरट्यासारखा वाटतो.

त्याच दुपारी रतन मॅडमचा फोन आला.

"सॉरी ताई, दुःखात त्रास देतेय. तुमच्या भावाची कंप्लेंट आलीये. ड्यूटीवर मोबाइल बघत होती म्हणून. तुम्ही लेखी देणार का? नियमाप्रमाणे मला तिचं कार्ड काढून घ्यावं लागेल. सोमवारी बोलावलंय तिला."

"कार्ड काढून घेतलं की?"

"मग कुठल्याच ब्युरोत नाही घेणार तिला. आम्ही एकमेकांना विचारतो ना. ती पण थकलीय, बोलत होती, आंबिवलीला एका कारखान्यात पॅकिंगचं बघते म्हणून." त्या थांबल्या. "एक विचारू? सहा महिने तुम्ही चालतंय म्हणत होतात. एवढं वाईट होतं तर बदलून का नाही घेतलीत?"

रविवारभर बसून मी पत्र लिहिलं. तीन परिच्छेद. चांगलं उतरलं होतं. पहिल्यात घटना, दुसऱ्यात माझी चूक, तिसऱ्यात सगुणांच्या कामाबद्दल. दोनदा स्वच्छ करून लिहिलं. माझ्या भित्रेपणाबद्दल मी 'गैरसमज' असा शब्द वापरला होता.

सोमवारी रजा टाकून कल्याणला गेले. ब्युरो एका दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर होता. एकच लांबट खोली. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर बारा-पंधरा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर डब्याची पिशवी. ड्यूटी मिळायची वाट बघत बसल्या होत्या. विशीतल्या दोन-तीन मुली होत्या, एक जण माझ्याहून मोठी. टेबलामागे रतन मॅडम. सगुणा अगदी शेवटच्या खुर्चीवर होत्या. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्या पायाशी धुऊन घडी केलेला निळा कोट होता.

मला बघून त्या उठल्या. उठताना हात भिंतीकडे गेला.

"बसा ना," मी म्हणाले.

"या ताई," रतन मॅडम म्हणाल्या. "लेखी आणलंय ना? द्या, फाइलला लावते."

मी पर्समधून पाकीट काढलं. "यात तक्रार नाहीये," मी म्हणाले. "उलट आहे. तुम्ही वाचा."

"वाचते नंतर. उलट असेल तर चांगलंच आहे." त्यांनी पाकीट घेण्यासाठी हात पुढे केला, पण चेहऱ्यावर काही उजळलं नाही. "पण ताई, कागद माझ्या फाइलमध्ये राहणार. ह्या बायकांना कोण वाचून दाखवणार? पंधरा दिवस झाले, सगळ्या म्हणतात, फोन बघत बसली आणि पेशंट गेला. उद्या हिला नवीन पोरींपुढे उभी केली, तर पोरी हिचं ऐकतील?"

"नाही ऐकणार," खुर्चीवरची एक मुलगी पटकन म्हणाली, आणि जीभ चावली. शेजारच्या बाईने तिला कोपर मारलं.

"ऋतिका, गप गं." रतन मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघा. मी दरवर्षी चाळीस बायका घेते, ताई. सहा महिन्यांत निम्म्या जातात. उचलून उचलून जात नाहीत, लोकांची बोलणी ऐकून ऐकून जातात. ही चार वर्षं टिकलेली."

सगुणा अजून उभ्याच होत्या. "जाऊ द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "ताईंच्या घरात दुःख झालंय. कार्ड घ्या, मी जाते. पॅकिंगवाला अकराला बोलावतोय."

त्यांनी गळ्यातलं कार्ड काढायला हात वर नेले. दोरी केसांच्या अंबाड्यात अडकली. कुणी मदतीला उठलं नाही. मीही नाही. मी हातातलं पाकीट बघत होते. त्यात जे लिहिलं होतं ते खरं होतं आणि इतकं नीट लिहिलं होतं की वाचणाऱ्याला माझी दया आली असती.

पाकीट मी पर्समध्ये परत ठेवलं. खुर्च्यांकडे तोंड केलं. पंधरा चेहरे. सुरुवातीला आवाज इतका लहान आला की पलीकडच्या बाईने कानामागे तळवा धरला. मी परत सुरुवात केली.

"त्या फोन बघत नव्हत्या. मला लावत होत्या. सात वेळा लावला. मी उचलला नाही."

सगुणांचे हात गळ्याशीच थांबले होते.

"माझ्या भावाने विचारलं तेव्हा त्यांनी हे सांगितलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून. आणि मी कप धुवत बसले." मला वाटलं होतं मी इथे रडेन, पण रडू आलं नाही. "मोबाइल हातातून सुटत नाही, हे मी सांगितलेलं. शेजारी सांगितलं, भावाला सांगितलं. खोटं होतं. मॅडम, सहा महिने तुम्हाला चालतंय म्हणाले, तेही खोटं. माझ्या आईचे शेवटचे सहा महिने चांगले गेले. ती हसायची. ते ह्यांच्यामुळे. हे मी एकदाही बोलले नाही."

रतन मॅडमनी पेन उचललं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या.

"का, ताई?" त्यांनी विचारलं.

मी सगुणांकडे वळले. सहा महिन्यांत मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि ती कशी मारायची ते मला कळेना.

"सगुणाताई," मी म्हणाले, "तुम्ही जाल म्हणून. आईचं कारण नव्हतं त्यात. आईने जाऊ दे म्हटलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मला एकटं राहायची भीती वाटत होती, म्हणून मी तुम्हाला वाईट म्हणत राहिले."